टाईपरायटर ते संगणक : दाखल्यावर सही कोणाची?



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तिच्यासाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चे, सत्याग्रह, नामांतराचा लढा उभा राहतो. तो राहिलाच पाहिजे. परंतु त्यावर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितील. मी कागदाचा इतिहास लिहिणार आहे. नोकरीच्या दारात आपल्या लेकरांना जो कागद मागितला जातो, त्या दाखल्याचा इतिहास.

कारण असे घडले. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. बी. ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलीत संगणकाची चार सर्टिफिकिटं. म्हणाली, "काका, भरती निघाली. ह्यातलं कोन्तं चालंल?" आम्ही दोघांनी ती जाहिरात दोनदा वाचली. चारातलं एकही चालत नव्हतं. एकावर सोनेरी शिक्का होता, एकावर पृथ्वीचा गोल काढलेला होता, आणि खाली सही क्लासच्या मालकाची. तिच्या आईनं दुसऱ्याच्या वावरात मिरच्या तोडून ती फी भरली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हीच गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात घडली होती, आणि आम्ही ती कोणाला सांगितली नव्हती. लाज वाटली म्हणून. आज सांगतो.

दगडावरची नावं

आपलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनहून आलेले दातेही आहेत. १९७३ च्या सुमारास भोकरदनला उत्खनन झाले, त्यात हस्तिदंताची एक कोरीव स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पाँपेई शहरात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ह्या मुलखात हाताचे कसब होते, दूरदूरचा व्यापार होता, आणि दान देणाऱ्या साध्या माणसाचे नावसुद्धा लिहून ठेवले जात होते.

पुढे शेकडो वर्षे आपल्या माणसाचा लिहिण्याशी संबंध फक्त अंगठ्यापुरता उरला.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कागद उर्दूत. माझे आजोबा सांगायचे, कागद हातात आला की आधी वाचणारा माणूस शोधायचा, आणि त्याने जे सांगितले ते खरे मानून घरी यायचे. कागद खरा की खोटा, कोणाच्या फायद्याचा, हे कळायला मार्गच नव्हता. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, तो आपल्याला कधी ना कधी बुडवतो, हे आजोबांचे बोल मला पुढे फार उपयोगी पडायला पाहिजे होते. पडले नाहीत.

संस्थान गेले आणि दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच आपले मिलिंद. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या पदवीधरांची पिढी तिथून बाहेर पडली. शिक्षणाचे दार उघडले. पण शिक्षणाचे दार आणि नोकरीचे दार ही दोन वेगळी दारे आहेत, आणि दुसऱ्या दाराची किल्ली दर पिढीला बदलत गेली.

बाबासाहेबांनी काय मागितले

आपण बाबासाहेबांच्या मोठमोठ्या पदव्या पाठ म्हणतो. पण एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. १९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवत होते. विषय होता व्यापारी कायदा. म्हणजे जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकून आलेला हा महापुरुष हिशेबनिसाचे काम शिकणाऱ्या पोरांना शिकवत होता. धंद्याच्या शिक्षणाला त्यांनी कधी हलके मानले नाही.

पुढे १९४२ साली ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्यांतील राखीव जागा मागितल्या, विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने इथे आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी अशीही मागणी केली. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा ठेवल्या गेल्या, १९४४ साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या घरोघरी जी 'स्कॉलरशिप' येते तिचे मूळ तिथे आहे.

त्या काळचे नवे यंत्र म्हणजे छापखाना आणि रेल्वे. बाबासाहेबांचे बोट बरोबर त्या यंत्रावर होते. आज ते कुठे असते, हे मी सांगायला नको.

टाईपिंगचा जमाना

१९४५ साली देशात सेवायोजन कार्यालये निघाली. आपल्या तोंडी त्याचे नाव 'एम्प्लॉयमेंट'. तिथे नाव नोंदवायचे आणि कॉलची वाट बघायची, असा तो काळ होता. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टाईपरायटर बाजारात आणला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कचेरीचा कारभार मराठीत येऊ लागला, आणि मराठी टाईपिंग येणाऱ्याला भाव आला. लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४० शब्द, ही अट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि आजही जाहिरातीत दिसते. परीक्षा घेणारी संस्था एकच, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. क्लास कोणताही असो, दाखल्यावर सही परिषदेची.

मी १९८८ साली दहावी होऊन जालन्यात टाईपिंगला नाव घातले. खोलीत दहा-बारा मशिनी, एकदम वाजू लागल्या की पावसाळी पत्र्यासारखा आवाज. तीन महिने गेलो. बोटे बसायला लागली होती. तेवढ्यात वडील आजारी पडले आणि परीक्षेची फी भरायला घरात पैसा राहिला नाही. "पुढच्या खेपेला देऊ," म्हणालो आणि लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये लागलो. ज्या बोटांना टाईपिंग शिकवले होते त्या बोटांत लालभडक सळई धरायचा चिमटा आला. पुढची खेप काही आली नाही. यात कोणाचा दोष नाही. पण परीक्षेच्या फीपायी आमच्या घराची एक पिढी मागे राहिली, हे मी विसरलो नाही.

संगणक आला

संगणक एका दिवसात आला नाही. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीने बँकांत यंत्रे आणण्याचा आराखडा दिला. पुढच्या दोन-तीन वर्षांत रेल्वेचे आरक्षण संगणकावर होऊ लागले. १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ ला 'परम' हा महासंगणक तयार केला. युनियनमध्ये आम्ही संगणकाच्या विरोधात घोषणा दिल्या. हाताचे काम जाईल ही भीती खोटी नव्हती. पण घोषणा देता देता आपली लेकरं तो शिकतात की नाही हे बघायचे राहून गेले.

शिकवणाऱ्या खाजगी कंपन्या आधीच आल्या होत्या. एनआयआयटी १९८१ ची, ॲपटेक १९८६ ची. त्या शहरांतल्या, आणि त्यांची फी आपल्या आवाक्याबाहेरची. त्यांचे बघून जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावात गल्लोगल्ली क्लास निघाले. दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारने १९९० च्या सुमारास डोएक नावाची योजना काढली. तिच्यात ओ, ए, बी, सी अशा चढत्या पायऱ्यांच्या परीक्षा होत्या. ही संस्था २०११ पासून नाइलिट या नावाने ओळखली जाते. तिचे एक केंद्र आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले, ज्याचे नाव १४ जानेवारी १९९४ ला बदलले, त्याच्या आवारात ही सोय होती. आणि आमच्या घरात कोणालाही ती माहीत नव्हती!

१९९९ साली माझ्या धाकट्या भावाला मी अशाच एका क्लासमध्ये घातले. क्लासचे नाव लिहीत नाही. सहा महिन्यांचा 'डिप्लोमा'. माझ्या मिलच्या पगारातून हप्त्याने फी भरली. पोरगा हुशार, मन लावून शिकला. पुढे एका भरतीत तो लेखी पास झाला, घरात पेढे आले. कागदपत्रे तपासायला गेला तर साहेबाने डिप्लोमा उलटासुलटा करून बघितला आणि विचारले, "हे कोणत्या बोर्डाचं?" भावाला उत्तर आले नाही. मलाही आले नसते. तो आज दुसऱ्याची गाडी चालवतो. आजोबांना उर्दू वाचता येत नव्हते. आम्हाला मराठी, इंग्रजी दोन्ही वाचता येत होते, तरी कागदाने आम्हाला तसेच बुडवले.

एमएससीआयटी आणि शासनाचे निर्णय

२००१ साली महाराष्ट्र शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, पुण्यात स्थापन झाले. विवेक सावंत हे अनेक वर्षे त्याचे व्यवस्थापकीय संचालक होते. त्यांनी एमएससीआयटी हा अभ्यासक्रम आणला आणि तो खेड्यापाड्यांतल्या केंद्रांपर्यंत नेला. मराठीतून शिकायची सोय होती, हे आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे. आजपर्यंत एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. इथेही सहीकडे लक्ष द्या. शिकवते गावातले केंद्र, अभ्यासक्रम महामंडळाचा, पण अंतिम परीक्षेचे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे. माझ्या भावाला जे उत्तर आले नाही, ते हे.

शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांनाही संगणक शिकण्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत घालून दिली होती. मुदत चुकली म्हणून अनेकांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुलीच्या नोटिसा निघाल्या आणि प्रकरणे कोर्टात गेली. पुढे ४ फेब्रुवारी २०१३ चा शासन निर्णय आला. एमएससीआयटी, किंवा डोएकची सीसीसी, किंवा तिच्याच ओ, ए, बी, सी पातळीची परीक्षा, ही संगणक अर्हता त्यात धरली आहे. आजही भरतीच्या जाहिरातीत ह्या निर्णयाची तारीख छापलेली असते. बारीक अक्षरात असते, म्हणून आपण वाचत नाही.

टाईपिंगचेही तेच झाले. गोदरेजने २००९ मध्ये टाईपरायटर बनवणे बंद केले. त्यानंतरच्या दशकात परीक्षा परिषदेची यंत्रावरची परीक्षा मागे पडली आणि संगणकावरची टंकलेखन परीक्षा आली. लोक तिला जीसीसी-टीबीसी म्हणतात. परिषद तीच, मशीन बदलले.

कोणता दाखला कशासाठी

ह्या सगळ्या इतिहासातून मी तीन प्रश्न शिकलो. फी भरण्याच्या आधी ते विचारायचे. पहिला, ह्या दाखल्यावर सही कोणाची? दुसरा, हा दाखला मागणारी जाहिरात किंवा मालक कोण, मला दाखवा. तिसरा, तो माझ्या हातात कोणत्या तारखेला पडेल? कारण अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर मिळालेला दाखला बहुतेक वेळा उपयोगाचा नसतो. काही पदांना नेमणुकीनंतर मुदत मिळते, पण ते जाहिरातीत लिहिलेले असेल तरच.

आता एकेक बघू. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्याने एमएससीआयटी किंवा सीसीसी यांपैकी एक करून ठेवावे. दोन्हींवर पैसे घालायची गरज नाही. सीसीसीला क्लास लावल्याशिवाय थेट परीक्षेलाही बसता येते. १०० प्रश्न, ९० मिनिटे. लिपिक व्हायचे असेल तर त्याच्या जोडीला टंकलेखनाचा दाखला वेगळा लागतो. एमएससीआयटी म्हणजे टाईपिंग नव्हे, ही गल्लत आपल्या वस्तीत सर्रास होते. संगणकाच्याच कामात राहायचे असेल त्याने आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' हा व्यवसाय, नाहीतर नाइलिटची ओ लेव्हल बघावी.

खाजगी नोकरीचा हिशेब निराळा. जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्याच्या कंपन्या आहेत, आडत दुकाने आहेत. तिथे टॅली, एक्सेल आणि जीएसटीचे काम येते का, हे विचारतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि हिशेबनिसाचे अर्धे काम बदलले, म्हणून त्याआधीची पुस्तके घेऊन बसू नये. पुण्या-मुंबईला नेटवर्कच्या कामात सिस्कोसारख्या कंपन्यांच्या परीक्षांना मान आहे. पण सिस्कोचा सीसीएनए हा दाखला तीनच वर्षे चालतो, पुन्हा नूतनीकरण करावे लागते. नोकरी समोर दिसत असेल तेव्हाच त्यावर खर्च करावा.

२०१७ ते २०२४ या काळात केंद्र सरकारची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना होती. अनेक घरांत तिचा दाखला आहे. ती योजना चांगली होती, आयाबायांनी मोबाईल आणि संगणक हाताळला. पण तो साक्षरतेचा दाखला आहे. सीसीसी किंवा एमएससीआयटीच्या जागी तो जोडू नये. त्या मुलीच्या फाईलीत तोही होता.

अलीकडे कौशल्य अभ्यासक्रमांना राष्ट्रीय पातळ्या लावल्या आहेत. २०१३ मध्ये त्यांची चौकट ठरली आणि त्यावर देखरेख करणारी राष्ट्रीय परिषद पुढे स्थापन झाली. क्लासवाला 'सरकारमान्य' म्हणाला तर त्याला विचारा, कोणत्या परिषदेची मान्यता, कोणती पातळी? ज्याच्याकडे असेल तो कागद दाखवील. ज्याच्याकडे नसेल तो आवाज चढवील.

हात बसला पाहिजे

आमच्या मिलमध्ये वजनकाट्यावर संगणक आला तेव्हाची गोष्ट. काट्यावर एक मुलगा ठेवला, दाखला पक्का. पहिल्याच दिवशी प्रिंटर अडला. त्याला काही सुचेना, बाहेर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर ओरडायला लागले. शेवटी दुसऱ्या खात्यातल्या एका बाईने येऊन कागद नीट बसवला आणि पावत्या काढून दिल्या. महिन्याभरात काट्याची खुर्ची तिला मिळाली. दाखला दारापर्यंत नेतो, आत बसवतो तो हात.

म्हणून तयारी करायची तर रोज एक तास, तोच वेळ, खाडा नाही. टाईपिंग दहा बोटांनी, नजर कळफलकावर न ठेवता. मराठीसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट शिकावे, कारण जुने फॉन्ट एका मशीनवर दिसतात आणि दुसऱ्यावर नुसत्या खुणा उमटतात. अलीकडच्या वर्षांत लोकसेवा आयोगाने टंकलेखनाची कौशल्य चाचणी सुरू केली. म्हणजे दाखला असूनही समोर बसून टाईप करून दाखवावे लागते. समजून घेताना मराठीतून घ्या, पण पडद्यावरचे इंग्रजी शब्दही पाठ करा. आणि फॉर्म भरताना नाव दहावीच्या सनदेवर आहे तसेच लिहा. एका अक्षराने दाखला अडकतो.

विहाराने काय करावे

आपण दर रविवारी महामंगल सुत्त म्हणतो. त्यात भगवंतांनी जी मंगले सांगितली, त्यांत बहुश्रुत असणे आहे, आणि लगेच शिल्प म्हणजे हातचे कसब शिकणेही आहे. तोंडाने म्हणतो, अर्थ घरी नेत नाही.

माझी नम्र सूचना आहे. रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे त्या आठवड्याच्या जाहिराती विहारात मोठ्याने वाचाव्यात, बारीक अक्षरासकट. कोणत्या जाहिरातीने कोणता दाखला मागितला, त्याची एक वही ठेवावी. जो पास झाला त्याने पुढच्या दोघांना शिकवावे. आणि परीक्षेच्या फीसाठी एक लहान निधी असावा, बिनव्याजी, परत करायचा. रंगरंगोटीला आपण वर्गणी काढतो. परीक्षेच्या फीपायी पुन्हा कोणाच्या बोटांत चिमटा येऊ नये, म्हणूनही काढू.

त्या मुलीची ती भरती गेली. तिने नव्याने नाव घातले, यावर्षी एमएससीआयटी झाली, आता टाईपिंगला जाते. नोकरी अजून लागलेली नाही, खोटे कशाला सांगू? पण नवा दाखला आला तेव्हा ती आईला घेऊन विहारात आली होती. आईला वाचता येत नाही. तिनं तो कागद हातात धरला, खालच्या बाजूला बोट ठेवलं आणि लेकीला विचारलं, "ही सही कोनाची हाय?"

पोरीनं बरोबर सांगितलं.

नमो बुद्धाय! जय भीम!